लाल फ्रेमचा आवाज

"ऐक," बाबालाल मिस्त्री म्हणाला, आणि त्याने आढ्याला टांगलेल्या काळ्या फ्रेमवर पान्याने हलकेच ठोकलं.

"ऐकलं," मी म्हणालो.

"काय ऐकलंस?"

"टण्."

"आणि हिचं?" त्याने शेजारच्या हिरव्या फ्रेमला पाना लावला.

"टक्."

"डिग्री कशातली आहे तुझी?"

"कॉमर्स."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला आणि पाना खाली ठेवून बिडी शोधू लागला.

ही १९८९ सालची गोष्ट. आमच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसला एका कायम कारकुनाची जागा निघाली होती आणि ती क्रीडा कोट्यातून भरायची होती. आदल्या वर्षी अशीच जागा कबड्डीतल्या एकाला मिळाली होती आणि तो अजून हजेरीपटात स्वतःचं नाव शोधत होता. यंदा मात्र चेअरमनसाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसरं कोणी पळताना त्यांना बघवत नसे. संचालक मंडळाने साधकबाधक चर्चा करून संथ सायकल स्पर्धा ठरवली. जो शेवटी पोचेल तो पहिला. कारखान्याच्या एकंदर कारभाराशी हे सुसंगत असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

मी वजनकाट्यावर सहा हंगाम रोजंदारीने उसाच्या गाड्यांची नोंद करत होतो. हंगाम संपला की मी माणूस म्हणून उरत असे, कारकून म्हणून नाही. वय अठ्ठावीस. नांदणीच्या एका मुलीच्या वडिलांनी पोस्टकार्ड पाठवलं होतं: 'मुलगा पसंत आहे. कायम झाल्यावर कळवावे.' त्या कार्डावर रिकामी जागा भरपूर होती, पण त्यांनी आणखी काही लिहिलं नव्हतं.

स्पर्धेचे नियम सोपे होते. फक्कीने आखलेला पंचवीस मीटरचा पट्टा. पाय टेकायचा नाही, पट्टा सोडायचा नाही, मागे जायचं नाही. अंतिम फेरी दसऱ्याला, बॉयलर पेटवायच्या समारंभाआधी.

म्हणून मी कारखान्याच्या गेटसमोर बाबालालच्या दुकानात आलो होतो. तरुणपणी हा माणूस गावोगावच्या मैदानांत सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरता गोल फिरायचा. जेवण, दाढी, आंघोळ सगळं सायकलवर. आठव्या दिवशी हार घालून घ्यायचा आणि मग दोन दिवस त्याला चालता यायचं नाही. संथपणाबद्दल सल्ला घ्यायला पंचक्रोशीत दुसरा माणूस नव्हता. म्हणजे कारखान्यात होते, पण ते सायकलवर बसत नसत.

"चाचा, जागच्या जागी उभी राहील अशी सायकल पाहिजे."

"सायकल उभीच असते. माणूस पडतो," बाबालाल म्हणाला. "तुझ्या सायकलला काय आहे? फ्रीव्हील. पाय थांबला तरी चाक पळतं. ते फ्रीव्हील बंद करायचं. मग पाय थांबला की चाक थांबतं, पायाने मागे दाब दिला की चाक मागे बघतं."

"मागे जायचं नाही असा नियम आहे."

"जायचं नाही रे. बघायचं नुसतं. पुढे दाब, मागे दाब. चाक हललं हे चाकाला कळलं पाहिजे, पंचाला कळता कामा नये. पण ह्याच्यात सगळा मार फ्रेमवर येतो. लेचीपेची फ्रेम चालायची नाही. बोल, कुठली घेतोस?"

फ्रेमा दोनच लायकीच्या होत्या. काळी एका गवळ्याची होती. वर एकाऐवजी दोन नळ्या, बारा वर्षं दुधाच्या चार-चार घागरी वाहिलेली, एकदाही न मोडलेली. हिरवी साधी, एका नळीची, आणि हँडलच्या खाली मोडून सांधलेली. सांध्यावर पितळेचा जाड पट्टा होता, बाईच्या हाताला पट्टी बांधावी तसा.

"काळी," मी म्हणालो.

"हिरवी घे."

"ती मोडलेली आहे."

"मोडलेली होती. आता सांधलेली आहे. मी सांधलीय. मोडून सांधलेली फ्रेम कुठं मोडणार ते आपल्याला माहीत असतं. न मोडलेली कुठं मोडेल ते तिचं तिलाच ठाऊक."

मला हे वाक्य आवडलं, पण पटलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच होतं. मी काळी घेतली.

ती बांधायला पाच दिवस लागले. रोज संध्याकाळी सहाच्या भोंग्याला मी जाऊन बसायचो. बाबालालने आधी पॉलिश पेपरने सगळ्या सांध्यांवरचा काळा रंग खरवडून काढला, आतलं लोखंड उघडं केलं. मग गॅसची ज्योत धरून फ्रीव्हीलमध्ये पितळ ओतलं आणि ते जाम केलं. त्या आवारात माझ्याआधी फ्रीव्हील कायम झालं. चेन इतकी ताणून बसवली की बोटाने दाबली तर बोटच वाकावं. हँडल गवळ्याचंच ठेवलं, बैलाच्या शिंगांसारखं रुंद. टायरमध्ये हवा निम्मी.

"आता एक लक्षात ठेव," शेवटच्या दिवशी तो म्हणाला. "शर्यत होईपर्यंत रंग लावायचा नाही. सांधे उघडे राहू देत. उघडं लोखंड काय झालं ते दाखवतं. रंग दाखवत नाही."

"बरं."

"आणि कान उघडा ठेव. मोडायच्या आधी फ्रेम सांगते. न सांगता मोडलेली फ्रेम मी बघितलेली नाही."

मी पंधरा दिवस सराव केला. पहिले तीन दिवस पडलो. चौथ्या दिवशी दहा सेकंद उभा राहिलो आणि त्या आनंदात पडलो. दुसऱ्या आठवड्यात मी कारखान्याच्या शाळेमागे सायकलवर बसून, न हलता, अख्खं वर्तमानपत्र संपवायला लागलो. आयुष्यात एवढ्या कष्टाने मी एका जागी कधी राहिलो नव्हतो.

अष्टमीला उपांत्य फेरी झाली. सव्वीस स्पर्धक होते. बहुतेकांचा समज असा की हळू जायला तयारी लागत नाही. ते भराभर पोचले. माझ्या डाव्या पट्ट्यात वजनकाट्यावरचाच रावसाहेब मगदूम होता. नाव रावसाहेब, काम माझंच, रोजंदारीचं. सहा हंगाम आम्ही एका बाकावर बसून, एका डब्यातलं खाल्लेलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दोन मुलींचा बाप, आवाज इतका हलका की गाडीवाले त्याला दोनदा विचारायचे, "कितवी म्हणालासा?"

तो एका हिरव्या सायकलवर जागच्या जागी उभा होता. हँडलखाली पितळेचा पट्टा चमकत होता.

आम्ही दोघंही अंतिम फेरीत गेलो. खाली उतरल्यावर रावसाहेबने माझी सायकल वरपासून खालपर्यंत बघितली.

"कुणी बांधली रे?"

"घरीच," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. त्याला अर्थातच सगळं माहीत होतं.

मी तडक बाबालालकडे गेलो.

"चाचा, त्यालाही बांधून दिलीत?"

"दिली."

"मला सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस?"

"पण का दिलीत?"

"त्यानं मागितली म्हणून. तू मागितलीस, तुला दिली. तू काळी घेतलीस, त्याला हिरवी राहिली. मी दुकान उघडलंय, पक्ष नाही."

त्या रात्री मला एकाच गोष्टीचं समाधान होतं. हिरवी मोडकी होती आणि ती मी नाकारलेली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ज्या-ज्या लोखंडाला माणसाने वर्षभर शिव्या दिलेल्या असतात, त्याला धुऊन, रंगवून, हळदकुंकू वाहतात. अख्ख्या कारखान्यात ऑइलपेंटचा वास सुटला होता. क्रेन पिवळी झाली, वजनकाटा निळा झाला, वॉचमनची काठीसुद्धा हिरवी झाली. माझी सायकल तेवढी काळी, आणि सांध्यासांध्यांवर खरूज झाल्यासारखी. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांसमोर ही घेऊन जायची? कायम व्हायचं असेल तर कायम दिसायलाही पाहिजे, असा मी विचार केला. क्रेनच्या पेंटरकडून लाल रंग आणला आणि दोन हात मारले. त्याच्याकडूनच वरच्या नळीवर पांढऱ्या अक्षरांत नाव घालून घेतलं: शांतिनाथ शेडबाळे, बी. कॉम.

दुपारी बाबालाल खोलीवर आला. तो कधी दुकान सोडून येत नसे. मला वाटलं, खंडेनवमीचा नारळ घ्यायला आला.

"सायकल बघू जरा," तो म्हणाला.

"हात लावू नका चाचा, रंग ओला आहे."

त्याने सायकलकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. नावापुढची डिग्री वाचली.

"हँडलखालची नळी बघायची होती."

"काही झालेलं नाही तिला. बारा वर्षं दूध वाहिलंय तिने."

"सुकल्यावर आणशील?"

"आणतो."

मी नेली नाही. सुकलेल्या रंगावर त्याने पॉलिश पेपर मारला असता.

दसऱ्याच्या सकाळी दहाला अंतिम फेरी सुरू झाली. चेअरमनसाहेब मंडपात कोचावर, पाय स्टुलावर. शेजारी भटजी, बॉयलरचा मुहूर्त अकरा वीसचा. पंच म्हणून कारखान्याच्या शाळेतले घाटगे सर, गळ्यात शिट्टी. चार पट्टे, चार सायकली. शिट्टी झाली आणि कोणीच कुठेही गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला गडी तिसऱ्या मिनिटाला पट्टा सोडून गेला. दुसऱ्याला शिंक आली. सहाव्या मिनिटापासून मी आणि रावसाहेब, हातभर अंतरावर, पुतळ्यासारखे. तो माझ्या डाव्या हाताला. माइकवरचा माणूस आधी उत्साहात होता. "दोन्ही स्पर्धक अत्यंत वेगाने... माफ करा, अत्यंत निर्धाराने उभे आहेत." मग त्याच्याकडचे शब्द संपले आणि तो गेल्या हंगामाचा साखर उतारा वाचून दाखवू लागला.

"शांतू," रावसाहेब ओठ न हलवता म्हणाला.

"काय?"

"घाम डोळ्यात चाललाय."

"पूस की."

"आधी तू पूस."

आम्ही दोघंही हसलो, न हलता. पुढे दाब, मागे दाब. अर्धा तास झाला. चेअरमनसाहेबांनी घड्याळ बघितलं. घाटगे सर दोघांच्या मधे उकिडवे बसून चाकांकडे बघत होते. मग त्यांचाही पाय दुखायला लागला आणि ते उठून सावलीत गेले.

तेव्हा तो आवाज आला. टिक्.

लहान होता. घड्याळाचा काटा सरकावा तेवढा. थोड्या वेळाने परत, टिक्. मागे दाब दिला की यायचा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून डावीकडे बघितलं. हिरवी फ्रेम, पितळेचा पट्टा. बाबालालने सांगितलं होतं, मोडायच्या आधी फ्रेम सांगते. सांगत होती. मला फक्त उभं राहायचं होतं.

"शांतू, आवाज येतोय."

मी समोरच्या रेघेकडे बघत राहिलो.

"नळीचा आवाज येतोय बघ. ऐकतोयस?"

"मला नाही येत."

"येतोय की रे. हा बघ, आत्ता."

"काही ऐकू येत नाही मला."

टिक्.

"असं करूया," रावसाहेब म्हणाला. "दोघं एकदम पाय टेकूया. सरांना सांगू, उद्या परत घ्या म्हणून. मी टेकतो तुझ्याबरोबर. तीन म्हटलं की."

मी मनात म्हणालो, घाबरला. मोडकी फ्रेम घेऊन आला आणि आता तहाची बोलणी करतोय.

"तू टेक," मी म्हणालो.

तो टेकला नाही. त्याच्याही घरी वाट बघत होते.

"खरंच येत नाही तुला ऐकू?" थोड्या वेळाने त्याने विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "ह्या बाजूच्या कानानं कमी येतं काय?"

मला विषय संपवायचा होता.

"हो," मी म्हणालो.

टिक् आणखी तीनदा झालं. चौथ्यांदा टिक् झालं नाही, कडाक् झालं, आणि ते माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे झालं. हँडलखालची जाड नळी फाकली, दोन्ही चाकं एकमेकांच्या भेटीला निघाली आणि मी फक्कीत तोंडावर पडलो.

"लागलं काय रे?"

ही आरोळी रावसाहेबची होती हे कळायला मला वेळ लागला. सहा हंगामांत त्याला ओरडताना मी ऐकलं नव्हतं. तो इतक्या मोठ्याने ओरडला की माइकवरचा माणूस साखर उताऱ्यात थांबला.

मी मान हलवून नाही म्हणालो. रावसाहेबने मला नीट उठलेलं बघितलं, आणि मग शांतपणे, सायकलीला काही घाई नाही अशा चालीने, रेघेपलीकडे गेला. मुहूर्ताला अजून चाळीस मिनिटं होती. चेअरमनसाहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. माझंही केलं. ते म्हणाले, "रंग छान दिलाय."

दुपारी मी दोन तुकडे खांद्यावर टाकून बाबालालकडे गेलो. त्याने चाकूने फाटीच्या कडेचा लाल रंग खरवडला आणि नळी उजेडाकडे फिरवली.

"बघ. ही एवढी कड काळी पडलीय ना, ती जुनी चीर. ही चमकतेय ती आजची."

"जुनी म्हणजे कधीची?"

"अष्टमीला होती. रावसाहेब येऊन सांगून गेला."

"काय सांगून गेला?"

"उपांत्यला शेजारी उभा होता ना तो. म्हणाला, चाचा, शांतूच्या सायकलचा आवाज येतोय, नळी बघून द्या त्याला. तोंडावर पडेल, म्हणाला. म्हणून तर आलो होतो मी." त्याने चाकू मिटला. "तू म्हणालास, रंग ओला आहे."

मी तुकडे तिथेच ठेवले. बाबालालने त्यातली एक नळी पुढे बरीच वर्षं दार अडवायला वापरली. त्यावर 'बी. कॉम.' तेवढं शिल्लक होतं.

नांदणीच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर जयसिंगपूरच्या एका कायम माणसाशी झालं. दोन वर्षांनी युनियनचा करार झाला आणि आम्ही रोजंदारीवाले एकशेचाळीस जण एका सहीने कायम झालो. कुणालाही काहीही चालवावं लागलं नाही. माझंही लग्न झालं, बरं झालं. मला टाइम ऑफिसला टाकलं. तिथे रावसाहेब आधीपासून होता.

पहिल्याच दिवशी त्याने माझं टेबल भिंतीला डावी बाजू येईल असं फिरवून घेतलं. मग माझ्या उजवीकडे येऊन, वाकून, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या बाजूनं बरं पडेल ना?"

मी हो म्हणालो.

त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शिपाई माझ्याशी उजवीकडून बोलायचा. साहेब मीटिंगमध्ये मला पुढे बसवायचे. वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरायचं, तेव्हा कान तपासायच्या यादीत रावसाहेब माझं नाव पहिलं घालायचा. डॉक्टर कान नॉर्मल असल्याचं लिहून द्यायचे आणि रावसाहेब ते वाचून हळहळायचा. "एवढ्या घाईत काय तपासणार ते," असं मोठ्याने म्हणायचा. चोवीस वर्षं तो हलक्या आवाजाचा माणूस माझ्याशी ओरडून बोलला. घरी गेल्यावर त्याचा घसा बसायचा, असं त्याची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली. माझी बायको मला म्हणाली, "तुम्हाला तर पलीकडच्या गल्लीतला कुकर ऐकू येतो."

मला ऐकू येतं, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण आता येतं म्हटल्यावर तेव्हाही येत होतं हे ओघाने आलं असतं.

२०१९ साली मी निवृत्त झालो. रावसाहेब चार वर्षं आधीच झालेला. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला तो काठी टेकत आला. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. सगळे चहाकडे वळल्यावर तो माझ्या उजवीकडे येऊन बसला आणि त्याने खिशातून एक छोटी डबी काढली.

"मुलीनं पुण्याहून आणलंय," तो सवयीने ओरडला. चहावाल्याने वळून बघितलं. "चांगलं मशीन आहे! कंपनीचं!"

डबीत कानाचं मशीन होतं, शेंगदाण्याएवढं. मी काही म्हणायच्या आत तो उठला, काठी खुर्चीला लावली, माझ्या डाव्या बाजूला गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने ते माझ्या कानात बसवलं आणि बटण दाबलं.

मग अगदी हलक्या, वजनकाट्यावरच्या जुन्या आवाजात तो म्हणाला, "शांतू, आता येतंय ऐकू?"

"येतंय," मी म्हणालो.